आधारची पीडीएफ झिलाचो पासवर्ड मागता

प्रकरण देवबागचं आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक घरगुती निवास आहे. मोजक्या खोल्या, मालवणी जेवण, आणि हंगामात पाहुण्यांना फिरवून आणायला घरचीच होडी. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि पुढे या किनाऱ्यावर अशी बरीच घरं पाहुण्यांसाठी उघडली. मी मालवण-कुडाळ भागात संगणक दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळे अशा घरांत माझं जाणं-येणं असतं. चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. स्वयंपाक आणि खोल्या काकी बघतात, होडी काका बघतात, आणि संगणक मुंबईच्या मुलानं आणून दिलेला असतो. चालवावा मात्र काकींनाच लागतो. बुकिंगच्या मेल, पाहुण्यांची ओळखपत्रं, जमाखर्च, जेवणाचं दरपत्रक, वेगवेगळ्या नोंदण्यांचे अर्ज हे सगळं त्याच एका डेस्कटॉपवर.

इथल्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं नियमित सुरक्षा दुरुस्त्या थांबवलेली आवृत्ती. त्यावर दोन खाती आहेत. एक मुलाचं, प्रशासकाचे सगळे अधिकार असलेलं. दुसरं काकींचं, साधं. ही दोन खाती या प्रकरणात पुन्हा पुन्हा येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तक्रार

जूनमध्ये पाऊस लागला की होड्या वर ओढल्या जातात आणि पाहुणे तुरळक होतात. कागदपत्रांची कामं तेव्हाच निघतात. काकींचा फोन त्याच दिवसांतला.

"अरे, पाहुण्यांनी आधारकार्डाची पीडीएफ धाडल्यानी. ती उघडूक गेलंय तर पासवर्ड मागता. आणि पासवर्ड कोणाचो, तर माझ्या झिलाचो! पाहुण्याच्या आधाराक माझ्या झिलाचो पासवर्ड कित्याक व्हयो?"

या प्रश्नात अर्धं निदान होऊन गेलं होतं. पीडीएफनं पासवर्ड मागणं काकींना नवीन नव्हतं. डाउनलोड केलेलं ई-आधार उघडताना नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष घालावं लागतं, हे त्यांना पाठ आहे. म्हणून पाटी आल्याआल्या त्या बिचकल्या नाहीत. खटकलं ते पाटीवरचं मुलाचं नाव. पाहुण्याच्या फाइलला घरच्या मुलाचं नाव कुठून माहीत असणार?

ती पाटी त्या फाइलची नव्हतीच, विंडोजची होती. एखादा प्रोग्राम संपूर्ण मशीनमध्ये बदल करायचे अधिकार मागतो तेव्हा विंडोज मध्ये थांबून विचारतं. प्रशासकाच्या खात्यात असाल तर नुसतं 'हो की नाही' विचारतं. साध्या खात्यात असाल तर प्रशासकाचा पासवर्ड मागतं, आणि तो प्रशासक म्हणजे मुलगा. कागद वाचायला असे अधिकार लागत नाहीत. ते मागणारी चीज प्रोग्राम असते, मग तिचं नाव काहीही असो.

फोनवर एवढंच सांगितलं: 'नाही' दाबा, नेटची वायर काढा, त्या फाइलवर पुन्हा क्लिक करू नका, मी येतो.

फोल्डरमध्ये काय दिसलं

डाउनलोडचा फोल्डर मोठ्या चित्रांच्या मांडणीत उघडा होता. त्यात पीडीएफचं ओळखीचं लाल चित्र आणि खाली नाव: गेस्ट_आधार.पीडीएफ. मांडणी बदलून तपशिलाची केली, म्हणजे नाव, तारीख, प्रकार, आकार असे रकाने दिसतात. प्रकाराच्या रकान्यात लिहिलं होतं 'ॲप्लिकेशन'. फाइलचं खरं नाव गेस्ट_आधार.पीडीएफ.ईएक्सई असं होतं. शेवटचा तुकडा विंडोजनं झाकून ठेवला होता. (या लेखात हे तुकडे मी देवनागरीत लिहितोय. संगणकावर ते रोमन अक्षरांत असतात आणि तसेच असावे लागतात. याच्यावरून पुढे एक गंमत झाली.)

मग पीडीएफचं चित्र कुठून आलं? साध्या कागदाच्या फाइलला चित्र विंडोज देतं. नावाचं शेवटचं टोक बघून ती कुठल्या प्रोग्रामनं उघडायची हे ते ठरवतं आणि त्याप्रमाणे चित्र लावतं. ईएक्सईचं तसं नाही. प्रोग्रामचं चित्र प्रोग्रामच्याच पोटात असतं, बनवणारा घालेल ते. पीडीएफचं घाला, फोल्डरचं घाला, कुणी अडवत नाही. म्हणजे विंडोजनं नावाचं टोक झाकलं की नजरेला उरतं ते चित्र, आणि बनावट करायला सर्वांत सोपं तेच.

मेल इंग्रजीत होती. चार जणांचं कुटुंब येणार आहे, सगळ्यांची ओळखपत्रं खालच्या दुव्यावर, झिपचा (म्हणजे फाइलींच्या बांधलेल्या गठ्ठ्याचा) पासवर्ड हा. निवासवाल्यांना असल्या मेल येतात त्याला कारण आहे. अनोळखी माणसानं पाठवलेली फाइल उघडणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग असतो. 'अनोळखी मेल उघडू नका' हा सल्ला काकींना देणं म्हणजे दुकान उघडं ठेवा पण गिऱ्हाईक घेऊ नका असं सांगणं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक खूण लावून ठेवतं. त्या खुणेमुळेच प्रोग्राम चालवताना 'हे धोक्याचं असू शकतं' अशी निळी पाटी येते. या मशीनवर झिप सोडवणारं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि आतल्या फाइलींवर ती खूण पुढे नेत नव्हतं, म्हणून निळी पाटी आलीच नाही. आली ती थेट पासवर्डची. इथे नशीबही होतं. या फाइलनं प्रशासकाचे अधिकार मागितले म्हणून ती अडली. न मागताही पुष्कळ नुकसान करता येतं. काकींच्या खात्यात काकींना जे जे उघडता येतं ते सगळं अशा प्रोग्रामलाही उघडता येतं.

आता मुख्य गोष्ट. त्याच फोल्डरमध्ये खऱ्या पीडीएफ होत्या. त्यांची नावं अशी दिसत होती: वीजबिल मे, सातबारा, पंचायत पावती. एकाच्याही शेवटी 'पीडीएफ' नाही, कारण विंडोज ओळखीच्या प्रकाराचं टोक झाकतं. त्या सगळ्यांत फक्त एका फाइलला टोक दिसत होतं. म्हणजे जिथे एक्स्टेंशन, म्हणजे नावाचं हे शेवटचं टोक, लपवलेलं आहे तिथे ओळखीच्या प्रकाराचं दिसणारं टोक खरं नसतंच, ते कुणीतरी नावात लिहिलेलं असतं. बारकाईनं बघणाऱ्याला तेवढ्यावरून संशय यायला हवा होता.

काकी बारकाईनं बघणाऱ्या आहेत. हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर त्या संध्याकाळपर्यंत सोडत नाहीत. मग हे त्यांना का खटकलं नाही? उत्तर डेस्कटॉपवर होतं.

सही.जेपीजी, सही नवीन.जेपीजी, सही शेवटची.जेपीजी

डेस्कटॉपवर अशा दिसणाऱ्या टोकांच्या बऱ्याच फाइली होत्या आणि त्या सगळ्या काकींनीच केलेल्या. आधी एका नोंदणीचा ऑनलाइन अर्ज भरताना सही आणि घराचा फोटो जोडायचा होता. संकेतस्थळाची अट होती: फक्त जेपीजी. काकींकडे सहीचं चित्र होतं ते स्क्रीनशॉट काढून कापलेलं, म्हणजे पीएनजी. संकेतस्थळ म्हणालं, जेपीजी नाही. काकींनी फाइलचं नाव बघितलं, 'सही'. खरंच, कुठे जेपीजी लिहिलेलं नाही. म्हणून त्यांनी लिहिलं. फाइल झाली सही.जेपीजी.पीएनजी, आणि दिसायला लागली सही.जेपीजी. संकेतस्थळानं परत नाकारली. मग नवीन, मग शेवटची.

यात काकींचं तर्कशास्त्र कुठे चुकलं ते मला अजून दाखवता येत नाही. जेपीजी हवं होतं, नावात नव्हतं, त्यांनी घातलं. समोर दिसणारी माहितीच अपुरी होती.

दुसरी गंमत म्हणजे खरं नाव त्यांना त्या वेळी दिसतही होतं. ब्राउझरमध्ये फाइल निवडली की बटणाशेजारी तिचं पूर्ण नाव येतं, टोकासकट. तिथे सही.जेपीजी.पीएनजी असं लिहून येत होतं. काकींना वाटलं, ते संकेतस्थळानं जोडलेलं काहीतरी असणार. फोल्डरमध्ये एक नाव आणि ब्राउझरमध्ये दुसरं, तर माणूस आपल्या घरातल्या फोल्डरवरच विश्वास ठेवणार ना.

घराच्या फोटोची कथा थोडी वेगळी. तो ब्राउझरमधून 'सेव्ह' केलेला आणि त्याचं टोक होतं जेएफआयएफ. हा प्रकार आतून जेपीजीच असतो, फक्त टोक वेगळं. इथे नाव बदलून काम खरंच झालं असतं. म्हणजे एका फाइलला नाव बदलणं हा बरोबर उपाय आणि शेजारच्या फाइलला तोच उपाय निरुपयोगी, आणि दोन्ही फाइली फोल्डरमध्ये अगदी सारख्या दिसतात. टोकं समोर असल्याशिवाय हे कुणाला कळणार?

फाइल आतून काय आहे हे तिच्या सुरुवातीच्या काही अक्षरांवरून ठरतं. पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं होते आणि पुढे पीडीएफ ही तीन अक्षरं येतात. झिपची सुरुवात पी-के अशी, आणि आजच्या वर्ड-एक्सेलच्या फाइली आतून झिपच असल्यामुळे त्यांचीही तशीच. विंडोजच्या प्रोग्रामची सुरुवात एम-झेड अशी. नाव बदलल्यानं ही आतली अक्षरं बदलत नाहीत. विंडोज मात्र उघडताना आत डोकावत नाही, टोक बघतं आणि त्याप्रमाणे वागतं. फोटो दाखवणारे काही प्रोग्राम आत बघून चुकीच्या टोकाचं चित्रही उघडून देतात, त्यामुळे 'माझ्याकडे तर दिसतंय' ही तक्रार आणखी गोंधळ घालते.

मेनूच्या फाइलींचं थोडक्यात सांगतो. डेस्कटॉपवर 'मेनू' नावाच्या चार फाइली शेजारी शेजारी होत्या: वर्ड, पीडीएफ, फोटो, आणि फ्लेक्सवाल्यानं दिलेली कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची. एकाच फोल्डरमध्ये एका नावाच्या चार फाइली राहू शकत नाहीत हा साधा नियम, पण टोकं झाकली की तो मोडल्यासारखा दिसतो. कोरलड्रॉ मशीनवर नसल्यामुळे चौथीचं टोक विंडोजला अनोळखी होतं, म्हणून ते झाकलं गेलं नव्हतं. फ्लेक्सवाल्याला नेमकी तीच फाइल हवी होती आणि काकी त्याला तीच सोडून बाकीच्या पाठवत होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्या फायलीच्या नावात कायतरी घाण इली हा, म्हणान ती धाडूक नाय."

तर अनेक महिन्यांत काकींच्या नजरेला सवय झाली होती. काही नावांना टोक असतं, काहींना नसतं, त्याला फारसा अर्थ नाही. गेस्ट_आधार.पीडीएफ बनवणाऱ्याला अशीच नजर हवी असते. ती त्यानं तयार केली नाही. विंडोजच्या टोकं झाकणाऱ्या सोयीनं आणि एका नोंदणीच्या अर्जानं ती आयती तयार करून ठेवली होती.

आधीचे दोन उपाय का बसले नाहीत

मुलाला हे माहीत नव्हतं असं नाही. मागच्या गणपतीत तो आला तेव्हा त्यानं एक्स्टेंशन दाखवायची सोय चालू केली होती. स्वतःच्या खात्यात. विंडोजमध्ये ही निवड खात्यापुरती असते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या निवडींच्या नोंदवहीत, ती चालू वापरकर्त्याच्या शाखेत 'हाइड फाइल एक्स्ट' या नावानं बसते, एक म्हणजे झाका आणि शून्य म्हणजे दाखवा. मुलाच्या खात्यात शून्य झालं, काकींच्या खात्यात एकच राहिलं. चाकरमानी गणपती करून गेला, आणि ज्या खात्यात रोज काम होतं तिथे काही बदललं नव्हतं.

पुढे त्यानं फोनवरून प्रयत्न केला. त्याचं आणि काकींचं संभाषण मला काकींनी जसंच्या तसं ऐकवलं. तो म्हणाला, "आई, त्या चौकटीतली टिक काढ." काकी म्हणाल्या, "टिक नायच हा." तो म्हणाला, "मग झालंच आहे." दोघंही खरं बोलत होते. विंडोज १० मध्ये ही सोय दोन ठिकाणी आहे आणि दोन्हीकडे टिकेचा अर्थ उलटा आहे. फोल्डरच्या खिडकीत वर 'व्ह्यू' उघडलं की 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' अशी चौकट दिसते. तिथे टिक म्हणजे दाखवा. 'फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स'मध्ये, पुन्हा 'व्ह्यू' याच नावाच्या पानावर, 'हाइड एक्स्टेंशन्स फॉर नोन फाइल टाइप्स' अशी ओळ आहे. तिथे टिक म्हणजे झाका. मुलाच्या डोळ्यांसमोर दुसरी होती, काकींच्या समोर पहिली. फोनवरून सांगायचं असेल तर टिकेबद्दल बोलूच नये. 'आता कुठल्याही फोटोच्या नावाशेवटी काय दिसतं ते वाचून दाखव' असं विचारावं.

मुळात झाकलं कशासाठी

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात नाव जास्तीत जास्त आठ अक्षरांचं, मग टिंब, मग तीन अक्षरांचं टोक. ही पद्धत त्याच्याही आधीच्या सीपी/एम या संगणक प्रणालीकडून आलेली. तेव्हा टोक झाकायचा प्रश्नच नव्हता. विंडोज ९५ मध्ये लांब नावं आली आणि त्याच वेळी ओळखीची टोकं झाकायचा रिवाजही आला. हेतू वाईट नव्हता. पत्राचं नाव 'आईला पत्र' असं नीट दिसावं, आणि कुणी चुकून टोक खोडून फाइल निकामी करू नये. जुन्या मॅकमध्ये टोकाशिवायच काम चालायचं, पण तिथे फाइलचा प्रकार नावाबाहेर वेगळा नोंदलेला असायचा. विंडोजनं रूप तसं घेतलं आणि कारभार जुनाच ठेवला. निर्णय टोकावरूनच, फक्त टोक दिसणार नाही.

याची किंमत २००० सालच्या मे महिन्यात जगानं मोजली. 'आय लव्ह यू' असा विषय असलेली मेल, आणि सोबत प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल, नावाशेवटी टीएक्सटी आणि त्याच्यापुढे झाकलेलं व्हीबीएस. लोकांना दिसली साधी मजकुराची फाइल, चालली ती स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रामच, आणि ती पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःला पाठवत सुटली. पुढच्याच वर्षी टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या फोटोच्या नावाखाली जेपीजी आणि मागे व्हीबीएस, हीच युक्ती. इतकं होऊनही आजच्या विंडोज ११ मध्ये नवीन मशीन सुरू केलं तर टोकं झाकलेलीच येतात. मला हे समर्थनीय वाटत नाही. टोक चुकून खोडलं तर परत लिहिता येतं. चुकून चालवलेला प्रोग्राम परत घेता येत नाही.

काय केलं

आधी ती फाइल आणि झिप दोन्ही न उघडता कायमची काढली. विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी लावली, म्हणजे मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते. काही निघालं नाही. तरी मेलचा पासवर्ड मोबाइलवरून बदलून घेतला, त्या मशीनवरून नाही. झिप सोडवणारं जुनं सॉफ्टवेअर काढलं.

मग काकींच्या खात्यात बसून, काकींच्याच हातानं, 'व्ह्यू'मधली टिक लावली. (विंडोज ११ असतं तर 'व्ह्यू', मग 'शो', मग तीच चौकट. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड' या पानावर.) टिक लागल्याबरोबर डेस्कटॉप बदलला. सही.जेपीजी.पीएनजी, सही नवीन.जेपीजी.पीएनजी अशी रांग समोर उभी राहिली. काकी थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तो वेबसाइटवालो खोटा बोला नव्हतो."

असली जोडटोकांची नावं सगळ्या मशीनवरून शोधायची युक्ती सोपी आहे. फोल्डरच्या शोधाच्या चौकटीत तारा (*), टिंब, जेपीजी, टिंब, तारा असं सलग टाकायचं. पीडीएफसाठीही तसंच. निघालेली प्रत्येक फाइल बघून एकतर नाव साफ केलं किंवा खरं रूपांतर केलं. सहीचं पीएनजी पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी केलं, घराच्या जेएफआयएफला नुसतं नाव बदलून दिलं. दोन्ही अर्जाला लागली. फ्लेक्सवाल्याला त्याची 'घाण असलेली' फाइल गेली.

काकींना शिकवलं ते थोडंच. आलेल्या फाइलचं फक्त शेवटचं टोक वाचायचं, मधलं नाही. पीडीएफ, जेपीजी, पीएनजी पाहुण्यांकडून येणार, ते ठीक. ईएक्सई, एससीआर, बीएटी, सीएमडी, व्हीबीएस, जेएस, एमएसआय, एचटीए हे पाहुण्याकडून कधीच येणार नाही, आलं तर उघडायचं नाही. एससीआर म्हणजे स्क्रीनसेव्हर, पण आतून तो ईएक्सईच. एक्सेलच्या टोकात शेवटी 'एक्स'ऐवजी 'एम' असेल तर आत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालू शकणाऱ्या सूचना, आहेत, तेव्हा आधी मला विचारायचं. ही यादी चिकटपट्टीनं मॉनिटरच्या कडेला लावली आहे, रोमन अक्षरांत.

टोक दिसायला लागल्यावर

मुलाचं म्हणणं होतं की आईला हे सगळं दाखवून उगाच त्रास, ती काहीतरी खोडून बसेल. त्याचं म्हणणं काही दिवसांतच खरं ठरलं. फोन आला: जमाखर्च उघडत नाही.

फाइलचं नाव होतं 'जमाखर्च ३०.०६' आणि पुढे एक्सेलचं टोक. नाव बदलायला एफ-टू दाबलं की व्हिस्टापासूनचं विंडोज फक्त नावाचा भाग निवडतं, टोक सोडून देतं. सरळ टाइप केलं असतं तर काही बिघडलं नसतं. काकींना मात्र शेवटची इंग्रजी अक्षरं नकोशी वाटली, म्हणून त्यांनी शेवटापर्यंत जाऊन ती एकेक खोडली. विंडोजनं विचारलं, फाइल निकामी होऊ शकते, बदलायचं का? त्यांनी हो म्हटलं. उरलं 'जमाखर्च ३०.०६'. आता विंडोजच्या लेखी शेवटच्या टिंबानंतरचं '०६' हेच टोक. आणि ०६ नावाचा प्रकार कशानं उघडायचा हे त्याला कुठे ठाऊक?

आपल्याकडे हे जास्त होतं, कारण आपल्या नावांतच टिंबं फार. तारखेत टिंब, श्री. मध्ये टिंब, सौ. मध्ये टिंब. 'सौ.आधार' या नावाचं टोक कुणी खोडलं तर उरलेल्या टिंबापुढचा 'आधार' हाच फाइलचा प्रकार होऊन बसतो. फाइलच्या नावात तारीख आडव्या रेघांनी लिहायची असं ठरवलं आणि जमाखर्चाचं टोक परत लिहून दिलं. आतल्या आकड्यांना धक्काही लागला नव्हता.

दुसरी भानगड पुतण्यानं केली. मराठी कीबोर्ड चालू ठेवून पूर्ण नाव नव्यानं लिहिताना त्यानं टोकही देवनागरीत लिहिलं: दरपत्रक.पीडीएफ, अक्षरशः. माणसाला बरोबर वाचता येणारं, विंडोजला अनोळखी. नावाचा पुढचा भाग मराठीत खुशाल लिहावा, टोक रोमनमध्येच राहू द्यावं.

या दोन्ही गोष्टी झाल्या म्हणून टोकं परत झाका, असं मुलाचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं आणि काकींनीही नाही म्हटलं. त्यांचं कारण माझ्यापेक्षा व्यावहारिक होतं: फ्लेक्सवाल्याशी आता वाद होत नाहीत.

टिक लावूनही काही टोकं दिसत नाहीत हे मात्र मुलाच्या कानावर घातलं. शॉर्टकटचं एलएनके आणि जुन्या पीआयएफचं टोक विंडोज तरीही झाकतं, त्यांच्यासाठी रजिस्ट्रीत 'कधीच दाखवू नका' अशी वेगळी नोंद असते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या संगणकीय यादीत, उजवीकडून डावीकडे लिहायला लावणारं एक अदृश्य चिन्ह आहे, उर्दू-अरबीसारख्या लिप्यांच्या सोयीसाठी. ते नावात घातलं की पुढची अक्षरं उलटी दिसतात आणि ईएक्सईची फाइल शेवटी जेपीजी असल्यासारखी वाचता येते. आणि सर्वांत साधी गोष्ट, डेस्कटॉपवर चित्राखाली लांब नाव मावत नाही तेव्हा विंडोज शेवटी तीन टिंबं देऊन ते कापतं. कापला जातो तो नेमका शेवट. नावात भरपूर मोकळ्या जागा सोडून खरं टोक नजरेआड ढकलायची युक्ती यावरच चालते.

म्हणून काकींच्या खात्यात डाउनलोडचा फोल्डर कायमचा तपशिलाच्या मांडणीत ठेवला आहे आणि प्रकाराचा रकाना नावाच्या लगेच शेजारी आणला आहे. उलट्या अक्षरांचं चिन्ह असो की मोकळ्या जागा, त्या रकान्यात ईएक्सईला ॲप्लिकेशनच लिहून येतं. मुलाच्या खात्यात फोल्डर अजून मोठ्या चित्रांतच उघडतो. पुढच्या गणपतीत तो आला की त्याचाही बदलायचा आहे.